तंजावरमार्गे

नाव घालायला आलेले पालक पहिल्या भेटीत बहुतेक तेच प्रश्न विचारतात. परीक्षा कितव्या वर्षापासून, मंचावरचा पहिला कार्यक्रम म्हणजे अरंगेत्रम कधी, दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणे ते कसे, आणि घुंगरू आत्ताच घ्यायचे का. प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एकत्र दिली आहेत. एक प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. डोंबिवलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये देशपांडे, पाटील, कांबळ्यांच्या मुली संध्याकाळी जमतात आणि तमिळ-तेलुगू गाण्यांवर नाचतात. ही कला त्यांच्यापर्यंत पोहोचली कशी, आणि कुणाच्या हातून?

कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. कला हजारो वर्षांची, भरतमुनींनी सांगितली, देवळात जपली गेली, आता आपण जपायची. वार्षिक कार्यक्रमाचं निवेदन याच वाक्यांनी सुरू होतं. त्यात साफ खोटं असं काही नाही. पण एका टोकाला भरतमुनी आणि दुसऱ्या टोकाला आपली मुलगी, यांच्या मधली माणसं या उत्तरातून गळून जातात. माझ्या लेखी वारसा म्हणजे तीच माणसं. त्यांच्यात मराठी बोलणारे राजे होते. पिढ्यान्‌पिढ्या नाचणाऱ्या बायका होत्या, ज्यांची कला समाजानं ठेवून घेतली आणि ज्यांना दाराबाहेर काढलं. आणि त्यांना शिकवणारी नट्टुवनार मंडळी होती, ज्यांची नावं आज परीक्षेतल्या टिपेपुरती उरली आहेत. भरतनाट्यम शिकणाऱ्या मराठी मुलीला आणि तिच्या घरच्यांना या माणसांची ओळख व्हावी, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. अडवूंची, म्हणजे नृत्यातल्या मूळ पदन्यासांची, सचित्र पुस्तकं बाजारात आहेत, त्यांत आणखी एकाची भर नको होती.

आधी जुनेपणाचा हिशोब मिटवून टाकू. नाट्यशास्त्राचा काळ अभ्यासक साधारण इसवी सनापूर्वी २०० ते इसवी सन २०० असा धरतात. रस आणि भाव, आंगिक-वाचिक-आहार्य-सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार, आणि चौथ्या अध्यायातली १०८ करणं, म्हणजे हात-पायांच्या एकत्रित हालचाली, ही त्यातली मिळकत. मुली वर्गात जे हस्त म्हणत-करत पाठ करतात, २८ असंयुत आणि २४ संयुत, ते मात्र नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणातले. तो ग्रंथ बराच नंतरचा. आणि ज्या अडवूंवर आपलं सगळं नृत्त, म्हणजे अर्थ न सांगणारं शुद्ध नृत्य, उभं आहे, त्यांचं नाव या दोन्हींपैकी एकाही ग्रंथात नाही. म्हणजे विचार जुना आहे, शब्द जुने आहेत. पण सहा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी पायांनी जे करते ते पुष्कळ अलीकडचं आहे. यात कमीपणा वाटण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्ञानेश्वरी गीतेपेक्षा अलीकडची म्हणून आपण तिला कधी कमी लेखलं?

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात हा सगळा गुंता एकाच आवारात पाहायला मिळतो. राजराज चोळानं बांधलेलं हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण झालं. गाभाऱ्याभोवती वरच्या मजल्यावर एक ओवरी आहे, तिथे स्वतः शिव एकामागून एक करणं करून दाखवतो आहे. १०८ पैकी ८१ कोरून झाली आणि काम थांबलं. पुढचे दगड चौकोनी तासून तयार आहेत, त्यांच्यावर काहीच नाही. का थांबलं याच्या कथा गाईड मंडळी आवडीनं सांगतात, त्या सोडून देऊ. हा मजला सहसा बंद असतो. खाली, उघड्यावर, भिंतीवर तमिळ शिलालेख आहे. राजानं राज्यभरच्या देवळांतून नृत्य-सेवेसाठी ४०० बायका तंजावरला आणून वसवल्या, त्यांची ती यादी. नुसता आकडा नाही. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या गल्लीतलं कितवं घर तिला मिळालं, सगळं लिहिलेलं आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भाताचा वाटा. नृत्य शिकवणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे वाटेही तिथेच नोंदलेले आहेत. त्याच देवळाच्या आवारात आठशे वर्षांनंतरचा, १८०३ सालचा, आणखी एक लांबलचक शिलालेख आहे. तो मराठीत आहे, आणि त्यात भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे.

महाराष्ट्रातून गेलेली सहल मराठी लेखापाशी थांबते, फोटो काढते, अभिमानानं पुढे जाते. नृत्याच्या विद्यार्थिनी करणांची चौकशी करतात. चारशे नावांच्या यादीपुढे उभं राहिलेलं मी सहसा कुणाला पाहत नाही. या पुस्तकाचं दुसरं प्रकरण त्या यादीवर आहे. एवढ्या जुन्या काळातल्या, राण्या नसलेल्या इतक्या बायकांची नावं घर-पत्त्यासकट एका ठिकाणी मिळावीत, ही गोष्टच केवढी मोठी!

करणांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. मूर्ती पाहून नाच शिकला गेला आणि तोच आपल्यापर्यंत आला, असं सर्रास बोललं जातं. खरं तर करणांचा सराव मध्यंतरी लोपला होता. विसाव्या शतकात पद्मा सुब्रह्मण्यम यांनी ग्रंथ आणि शिल्पं समोरासमोर ठेवून त्यांची हालचाल पुन्हा उभी केली. एखादं शिल्प म्हणजे हालचालीतला नेमका कुठला क्षण, सुरुवातीचा, मधला की शेवटचा, इथपासून त्यांना ठरवावं लागलं. साताऱ्याच्या नटराज मंदिरातली करणांची शिल्पं त्यांच्याच संकल्पनेतून घडली आहेत. तंजावरला जाणं जमलं नाही तर साताऱ्याला जरूर जा.

आता अडवू. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, हे शाळेच्या इतिहासात एका ओळीत उरकतं. शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ दक्षिणेत गेला, संपलं. पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, त्या घराण्यानं तिथे काय केलं हे आपल्याला कुणी सांगत नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) तेलुगूत तिरुवारूरच्या त्यागेशावर पदं रचत होते, मराठीत नाटकं लिहीत होते. त्यांचं एक नाटक तर पाच भाषांतलं आहे. त्यांचे धाकटे बंधू तुळजाराजे १७२८ ते १७३६ गादीवर होते. त्यांनी संस्कृतात ‘संगीतसारामृत’ नावाचा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या नृत्त-प्रकरणात अडवूंचं वर्णन केलं. देशी नावांना संस्कृत नावं दिली, पाऊल कसं पडतं ते सांगितलं. तालमीतली, तोंडी चालत आलेली गोष्ट ग्रंथात आली ती एका भोसल्याच्या लेखणीतून. मुलगी तट्टडवू करते तेव्हा ती ‘त्यांची’ कला शिकते आहे, असं मग कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि ‘आपलीच’ आहे असं छाती ठोकून सांगायचीही सोय नाही. कारण राजानं लिहून ठेवलं, नाचत होत्या त्या तमिळ-तेलुगू बायका आणि शिकवत होते ते नट्टुवनार.

तो पहिला तट्टडवू दिसायला अगदी सोपा असतो. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट, बसायचं, हात कमरेवर, पाठ ताठ. ‘तैया तै’ या बोलावर उजवा पाय, मग डावा, सपाट आपटायचा. पाय उचलताना गुडघा जागचा हलू द्यायचा नाही, फक्त पोटरी मागे वर येते. समोर बाई मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात लाकडाचा ठोकळा आणि हातात दांडकं, आम्ही त्याला तट्टुकळी म्हणतो. पहिल्या काळात सगळं छान चालतं. दुसऱ्या काळात, म्हणजे दुप्पट लयीत, खांदे हलायला लागतात. तिसऱ्या काळात गुडघे आत येतात, कंबर वर निघते, दांडकं पुढे जातं आणि पाय मागे राहतात. मग पुन्हा पहिल्यापासून. पहिलं वर्ष जवळजवळ असंच जातं. बाहेर बाकावर बसलेली आई तिसऱ्या महिन्यात विचारते, ‘गाणं कधी बसवणार?’ तिला दोष देता येत नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या क्लासात गाणं दुसऱ्या आठवड्यात बसतं.

या कंटाळवाण्या वर्षाबद्दल मी या पुस्तकात हटवादीपणानं लिहिलं आहे. जो काही वारसा म्हणायचा तो सर्वांत आधी इथे, मांड्यांमध्ये आणि पावलांत उतरतो. गोष्टी आणि श्लोक मागाहून येतात. अरमंडीत पाय वळतो तो खुब्यातून. गुडघ्यातून जबरदस्तीनं वळवला तर पंधराव्या वर्षी दुखणं सुरू होतं. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत आहे की नाही, हे आरशात रोज बघावं. आणि फरशी! पूर्वी तालमी मातीच्या जमिनीवर किंवा लाकडावर होत. आपल्याकडे खाली काँक्रीटचा स्लॅब आणि वर व्हिट्रिफाइड टाइल. तिच्यावर तासभर पाय आपटायचे. लाकडी तळ परवडत नसेल तर निदान जाड सतरंजी घाला, आणि ‘जोरात आपट’ म्हणणाऱ्या बाईंना, म्हणजे आम्हालाच, नम्रपणे सांगा की आवाज सपाट तळव्याचा असतो, जोराचा नसतो.

पुन्हा तंजावर. दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) गादीवर असताना चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तिथे होते. नट्टुवनार घराणं, मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. आज कार्यक्रमात जो क्रम दिसतो, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो मार्गम या चौघांनी बांधला असं परंपरा मानते, आणि त्यांच्या रचना पाहिल्या की ते पटतं. अलारिप्पूत गाणं नसतं, नुसते बोल. आधी डोळे, मग मान, मग खांदे, मग हात, अखेर पाय अशी एकेक हालचाल उमलत जाते. जतिस्वरमात स्वर येतात, शब्दममध्ये शब्द. मग वर्णम, पाऊण तास चालणारं. एक ओळ नायिका दहा तऱ्हांनी सांगते, आणि मधे तीरमानम, म्हणजे नुसत्या बोलांचा तुकडा, आलं की तीच बाई सगळं विसरून ताल मांडते. पोन्नय्यांचं भैरवी रागातलं ‘मोहमान’ हे वर्णम तिरुवारूरच्या त्यागेशाला उद्देशून आहे. शहाजीराजांनी शंभरावर वर्षं आधी ज्याची पालखी गायली, तोच हा देव. नर्तकी बालासरस्वतींनी एका भाषणात या क्रमाची तुलना मोठ्या देवळात शिरण्याशी केली होती, गोपुरापासून गाभाऱ्यापर्यंत. ती तुलना इतकी चपखल आहे की तेव्हापासून प्रत्येक निवेदिका ती वापरते, बहुधा त्यांचं नाव न घेता.

पण सगळंच काही देवळातलं नव्हतं. जुन्या शब्दमांच्या अखेरीस राजाला सलाम असे. दरबार, लग्नं, श्रीमंतांच्या घरचे समारंभ हेही या कलेचे पोशिंदे होते. सरफोजींच्या नावानं तर मराठीत नृत्याची निरूपणं आहेत. एकच राग, एकच ताल, एकच कथा आणि तीत अलारिप्पूपासून मंगलापर्यंत सगळे प्रकार ओवलेले. ही हस्तलिखितं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होती. ती मुंबईत कुणाच्या तरी पायांत यायला विसावं शतक उजाडावं लागलं. ते काम आचार्य पार्वतीकुमारांचं. कोकणातला हा माणूस या मराठी रचनांच्या मागे वर्षानुवर्षं लागला. त्यांनी त्या नृत्यात बसवल्या, ‘तंजावर नृत्य प्रबंध’ म्हणून रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या नाचून दाखवल्या. सुचेताताई पुढे चौघा भावांच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या आणि पुण्यात ‘नृत्यगंगा’ या नावानं हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम उभं केलं. मराठीत भरतनाट्यम म्हणजे अभंगावर हात फिरवणं, अशी समजूत असलेल्यांनी या रचनांवरचं सहावं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल.

चौथं प्रकरण लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. १८५५ मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी तंजावर खालसा केलं आणि दरबाराचा आधार तुटला. नट्टुवनार आणि नर्तकींची घराणी मद्रासकडे सरकली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकलेल्या समाजानं या बायकांच्या नाचाविरुद्ध चळवळ सुरू केली. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी देवाला मुली वाहण्याची प्रथा बंद व्हावी म्हणून आयुष्य वेचलं. त्यांची आई या नाचणाऱ्या बायकांच्याच समाजातली होती, त्यांना हा प्रश्न घरातून माहीत होता. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला, मद्रासमध्ये १९४७ मध्ये. प्रथेतलं शोषण खरं होतं आणि कायदा हवाच होता. पण प्रथा बुडाली तेव्हा तिच्याबरोबर या बायकांचं आणखीही काही बुडालं. त्यांना मालमत्तेचा हक्क होता, मुली दत्तक घेता येत, घर त्यांच्या नावावर चाले, विद्या होती. समाजानं विद्या ठेवून घेतली.

ती ठेवून घेण्याची प्रक्रिया अवघ्या पाच-सहा वर्षांत घडली. ई. कृष्ण अय्यर हे मद्रासचे वकील, स्वातंत्र्यसैनिक. नाचाची बाजू घ्यायची म्हणून स्वतः स्त्रीवेषात नाचत. १९३१ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीनं नर्तकींच्या घराण्यातल्या कल्याणी यांच्या मुलींचा कार्यक्रम ठेवला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हे नृत्य पाहिलं, पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकायला सुरुवात केली आणि १९३५ च्या डिसेंबरात अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात त्या स्वतः नाचल्या. ब्राह्मण घरातली बाई, तिशी ओलांडलेली, गोऱ्या थिऑसॉफिस्टाची पत्नी. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र काढलं. ‘सदिर’ हे नाव मागे पडून ‘भरतनाट्यम’ रुळलं तेही याच दशकात. आज आपण ज्याला भरतनाट्यमचा थाट म्हणतो, त्यातलं पुष्कळसं रुक्मिणीदेवींनी घडवलेलं आहे. पूर्वी वादक नर्तकीच्या पाठीमागे उभे राहत आणि तिच्याबरोबर पुढेमागे सरकत. त्यांनी त्यांना रंगमंचाच्या कडेला बसवलं. कोपऱ्यात नटराजाची मूर्ती आली, प्रकाशयोजना आली, वेश नव्यानं बेतला गेला. शृंगाराच्या पदांना कात्री लागली, भक्ती पुढे आली.

बालासरस्वतींना (१९१८ ते १९८४) हे मान्य नव्हतं. त्या पिढीजात नर्तकींच्याच एका घराण्यातल्या. आजी वीणा धनम्माळ, आई जयम्माळ गायिका, पूर्वज तंजावर दरबारातले. वयाच्या सातव्या वर्षी, १९२५ मध्ये, कांचीपुरमच्या एका देवळात त्यांनी पहिलं नृत्य केलं. नृत्यातला शृंगार गाळून धुवून घ्यायची गोष्टच नाही, तोच त्याचा आत्मा आहे, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत राहिली. सत्यजित राय यांनी त्यांच्यावर १९७६ मध्ये केलेला माहितीपट मिळाला तर पाहा. वय झालेलं शरीर, साधी साडी, आणि चेहऱ्यावर जे चाललंय त्यावरून नजर काढता येत नाही. शिकवण्याची शिस्त मला रुक्मिणीदेवींच्या वाटेनं मिळाली. सोसायटीच्या हॉलमधले माझे वर्ग त्यांच्यामुळेच शक्य झाले. पण ऋण कुणाचं अधिक, असं विचारलं तर उत्तर बालासरस्वतींच्या बाजूचं आहे. ज्यांच्या घरात ही कला होती त्या घरांतल्या मुली आज तिच्या मंचावर फारशा दिसत नाहीत.

मराठी वाचकाला हे समजायला तमिळनाडूपर्यंत जायची गरज नाही. गोव्यातल्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. देवळाच्या सेवेतून आलेलं गाणं आणि त्या गाण्याबरोबर आलेले समाजाचे टोमणे, दोन्ही आपल्या जवळचे आहेत. लावणीच्या फडातल्या बायकांशी आपण कसे वागलो तेही माहीत आहे. (लावणीला ‘शास्त्रीय’ या यादीत जागा का नाही, यावर स्वतंत्र पुस्तक होईल, ते कुणीतरी लिहावं.)

महाराष्ट्रात भरतनाट्यमचं शिक्षण रुजलं ते प्रथम मुंबईत, माटुंग्याच्या तमिळ वस्तीच्या आधारानं. १९४५ मध्ये गोविंदराज पिळ्ळै आणि महालिंगम पिळ्ळै या गुरूंनी श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू केलं आणि पिढ्या घडवल्या. पुढे कनक रेळे यांचं नालंदा नृत्य कला महाविद्यालय आलं, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आलं, नृत्यात पदवी मिळू लागली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी गावोगावी एक शिडी उभी केली. शिडी असली की मुलं चढतात, हा तिचा फायदा. पुढच्या पायरीखेरीज त्यांना काही दिसत नाही, हा तोटा. लेखी पेपरात ‘अडवू म्हणजे काय’ याचं चार ओळींचं उत्तर घोकणाऱ्या मुलीला तुळजाराजांचं नाव माहीत नसतं.

भाषेबद्दल मी जरा कडक आहे. मराठी मुलगी तेलुगू पदम नाचते तेव्हा पुष्कळदा तिला त्याचा अर्थ ‘नायिका कृष्णाची वाट पाहते’ एवढाच सांगितलेला असतो. सतराव्या शतकातल्या क्षेत्रय्याच्या पदांतली बाई इतकी साधी नाही. ती टोमणे मारते, पैशांची गोष्ट काढते, दाराशी आलेल्याला परत पाठवते आणि मग मैत्रिणीपाशी कबूल करते की पाठवायला नको होतं. शब्दन्‌शब्द कळल्याशिवाय यातलं काही चेहऱ्यावर येत नाही. येतो तो पाठ केलेला भाव, भुवया उंच आणि मान तिरकी. म्हणून माझ्याकडे पदाचा नाच शिकवण्याआधी पद वहीत उतरवायचं, प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहायचा, आणि ते मराठीत, आपल्या आजीनं सांगावं तसं, बोलून दाखवायचं. एका मुलीनं खंडिता (प्रियकरानं फसवलेली) नायिका मालवणीत बोलून दाखवली होती, आणि तिचं पदम त्यानंतर एकदम सुधारलं. कुठलं पदम कुठल्या वयात, हेही बघावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलीला सामान्या (गणिका) नायिकेचं पद देऊन ‘भक्तीच आहे ती’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. तिला यशोदा द्यावी, शबरी द्यावी. बाकीचं थांबू शकतं.

अरंगेत्रमबद्दल थोडक्यात. गुरूनं शिष्येला पहिल्यांदा मंचावर उभं करायचं, एवढाच त्याचा मूळ बेत. आता त्याला लग्नाची कळा आली आहे. हॉल, पत्रिका, तीन वेश, जेवण, चेन्नईहून साथीदार, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी बारावीच्या क्लासला. कर्ज काढून अरंगेत्रम करू नका. निदान एक गोष्ट करा: साथ प्रत्यक्ष माणसांची घ्या, एक गायक, एक मृदंगम आणि ताल धरायला गुरू, तेवढे पुरे. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणात मृदंगम नर्तकीची वाट पाहत नाही; माणूस पाहतो. तिचा श्वास कमी पडला की तो लय सावरून घेतो, ती फुलली की तो एक आवर्तन वाढवतो. ही देवाणघेवाण एकदा अनुभवली की मुलीला आपण काय शिकत होतो ते कळतं.

मुलग्यांबद्दल वेगळं प्रकरण नाही, कारण शिकवायला वेगळं काही नाही. ‘मुलगा नाचतो?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना नट्टुवनारांची अख्खी परंपरा पुरुषांची होती एवढं सांगावं आणि चहा द्यावा.

पुस्तक वापरण्याविषयी. पहिली दोन प्रकरणं पालकांनी मुलांना वाचून दाखवण्यासारखी आहेत. तिसऱ्यापासून पुढे बोल येतात. ते मनात वाचण्यासाठी नाहीत. आदिताल हातावर धरायला शिका: उजव्या हाताची थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा थाप आणि हात उलटा, पुन्हा थाप आणि हात उलटा. या आठ मात्रा. ज्यांच्या घरी तबला-पेटीचा राबता आहे त्यांना टाळी-खालीची सवय असेल. त्यांना बोटं मोजणं सुरुवातीला अडचणीचं वाटेल, पण आठवड्याभरात बसतं. अर्थ लिहायला प्रत्येक पदाखाली जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. तमिळ आणि तेलुगू शब्दांचे उच्चार शक्य तितके जवळचे लिहिले आहेत, तरी ते एखाद्या तमिळ किंवा तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा म्हणवून घ्या. मुंबई-पुण्यात असा शेजारी मिळायला अडचण पडत नाही. अडवूंची चित्रं फक्त आठवणीसाठी आहेत. चित्र पाहून घरी नवा अडवू सुरू करू नका. अरमंडी बरोबर आहे की नाही हे पुस्तकाला दिसत नाही, त्यासाठी समोर बसलेली बाईच लागते.